पडला की पाडला?

आमच्या घरात एक कायदा फार जुना आहे. तो कुणी लिहिला नाही, कुणी मंजूर केला नाही, पण त्याची अंमलबजावणी मात्र भलतीच कडक होती. कायदा असा : चालत्या वस्तूला हात लावू नये.

या कायद्याला कारण झाले आमचे मामा. मामा सुट्टीत आमच्याकडे यायचे ते खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊनच. एकदा आमचा रेडिओ जरा खरखर करत होता. मामांनी जेवण झाल्यावर तो वर्तमानपत्रावर उलटा पाडला, उघडला आणि तिन्हीसांजेपर्यंत पुन्हा मिटला. तीन स्क्रू उरले. "कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात," मामा म्हणाले. त्या दिवसापासून रेडिओची खरखर कायमची थांबली. बातम्या, भावगीतं आणि कामगारसभाही थांबली. ते तीन स्क्रू आईनं पुढं कितीतरी वर्षं एका डबीत जपून ठेवले होते. मामा आले की पुरावा म्हणून ती डबी बाहेर यायची.

त्याउलट माजघरातलं भिंतीवरचं घड्याळ. लंबकाचं, टोले देणारं. तीस वर्षं ते चालत होतं. आई मामांना घड्याळाखाली उभं करून म्हणायची, "बघ रे, कुणी हात लावत नाही म्हणून कसं व्यवस्थित चालतंय!" आणि मामा मान खाली घालायचे.

असे संस्कार झालेल्या मुलानं आयुष्यात खरं तर वस्तुसंग्रहालयात नोकरी धरायला हवी होती. पण नशीब असं की मी एका मोठ्या हॉस्पिटलात नेटवर्कचं काम बघतो.

"म्हणजे नक्की काय करता?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीपासून बारशापर्यंत सगळीकडे विचारला जातो. पूर्वी मी प्रामाणिकपणे सांगायचो, की स्विच सांभाळतो. त्याचा परिणाम असा झाला, की सोसायटीत जिन्यातला दिवा लागेनासा झाला की लोक माझ्या दारावर येतात. "तुम्ही स्विचचेच आहात ना?" एका आजोबांनी तर पंख्याचा रेग्युलेटरही आणून दिला होता. मी तो वायरमनकडून दुरुस्त करून आणला आणि माझी प्रतिष्ठा फार वाढली. माझ्या खऱ्या कामामुळे ती कधीच वाढलेली नाही.

तर आमचा हा स्विच दिव्याचा नव्हे. तो असतो पोस्टमनसारखा. नवा पोस्टमन पेठेत आला की पहिले काही दिवस तो काय करतो? ज्या दारातून पत्र बाहेर येतं त्या दारात पाठवणाराचं नाव मनाशी नोंदवून ठेवतो. पुढं त्या नावाचं पत्र आलं की नेमकं त्याच दारात टाकतो. नाव ओळखीचं नसलं तर सगळ्या दारांवर हाळी देतो आणि जो 'ओ' देईल त्याला लक्षात ठेवतो. स्विच हेच करतो, फक्त सेकंदाला लाखो वेळा. शिवाय मोठ्या स्विचला वाड्यावाड्यांतलं सोवळंओवळंही सांभाळावं लागतं. आयसीयूचं पत्र चुकूनही कॅन्टीनच्या दारात जाता कामा नये. या कामाला अक्कल लागते. म्हणून कॉम्प्युटरमध्ये असते तशी एक ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्याही डोक्यात भरलेली असते. आणि ज्याला अक्कल असते त्याच्या अकलेत खोट असतेच. ती सापडली की बनवणारी कंपनी सुधारलेली आवृत्ती काढते आणि कळवते, की बाबांनो, जुनी काढा, नवी घाला.

आमच्या हॉस्पिटलचा मुख्य स्विच तळघरात राहतो. शेजारच्या खोलीत जुन्या एक्स-रे फिल्मांचे गठ्ठे आहेत, पलीकडे ऑक्सिजनच्या नळ्या जातात. लॅबचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं, आयसीयूतल्या मॉनिटरांचे आलेख सगळं त्याच्यातून जातं. तो किती दिवस न थांबता चालला आहे हे विचारलं की तो सांगतो. पाच वर्षं, दोन महिने आणि काही दिवस! पाहुणे आले की मी त्यांना तळघरात नेऊन हा आकडा दाखवायचो. देवळातला पुजारी अखंड तेवणारा नंदादीप दाखवतो तसा. त्या दिव्यात तेल मी घालत नव्हतो ही गोष्ट वेगळी.

आणि एके दिवशी कंपनीचं पत्र आलं. तुमच्या स्विचच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडलं आहे. त्यातून बाहेरचा माणूस परवलीचा शब्द न विचारता आत शिरू शकतो. तरी सत्वर नवी आवृत्ती घालावी. मी पत्र दोनदा वाचलं. मग महत्त्वाच्या पत्राचं आपण जे करतो तेच केलं. 'महत्त्वाचे' असं लिहिलेल्या फायलीत ते लावून टाकलं.

हे करताना माझ्या मनात पाप नव्हतं. मुहूर्त नव्हता, एवढंच. आधी गणपती होते. मग डेंग्यूची साथ आली, सगळ्या खाटा भरलेल्या. अशा वेळी कुणी स्विच बंद करतं का? मग दिवाळी. मग तपासणीसमिती यायची होती. ती गेल्यावर मार्चअखेर आला. पंचांगात नसतील इतके अशुभ दिवस मी सात महिन्यांत शोधून काढले. आणि दर वेळी तळघरात गेलो की तो हिरवे दिवे मिचकावत असायचा. चालतंय ना? मग?

पण रात्री झोप येईना तेव्हा मी स्वतःशीच हिशेब मांडला. हिशेब असा. मी नवी आवृत्ती घातली आणि स्विच बंद पडला, तर दुसऱ्या दिवशी सगळं हॉस्पिटल म्हणणार, "यानं बंद पाडला." मी काहीच केलं नाही आणि कुणी चोर भोकातून आत शिरून स्विच बंद पडला, तर लोक म्हणणार, "बिचाऱ्याचा स्विच बंद पडला हो!" पडला आणि पाडला. मध्ये फक्त एक काना. रुग्णाच्या दृष्टीनं दोन्हींत काही फरक नाही. त्याचा रिपोर्ट दोन्ही वेळा अडकलेला. पण माझ्या दृष्टीनं त्या एका कान्यात माझी नोकरी, अब्रू आणि वार्षिक बढती मावत होती.

आपल्या भाषेनं ही सोय फार पूर्वीपासून करून ठेवलेली आहे. कप फुटतो. दूध उतू जातं. पैसे संपतात. फाइल गहाळ होते. आपण कुणीच काही करत नाही. वस्तूंना आपोआप ती बुद्धी होते. बायको विचारते, "दूध उतू घालवलंत ना?" मी म्हणतो, "उतू गेलं." हा वाद व्याकरणाचा आहे असं मला तेवीस वर्षं वाटत होतं. तो नीतिशास्त्राचा आहे हे स्विचनं शिकवलं.

शेजारी एक वकील राहतात. त्यांना मी जिन्यात गाठून सहज विचारल्यासारखं विचारलं, "काहीच न करणं हा गुन्हा असतो का हो?" वकिलांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. मग म्हणाले, "१८६० च्या दंडसंहितेत ३२ वं कलमच होतं. जिथं 'कृत्य' म्हटलंय तिथं बेकायदा अकृत्यही धरायचं. २०२४ च्या जुलैपासून नवी न्याय संहिता आली, तिनंही ते ठेवलंय. का? कुणी काय केलं नाही?" मी घाईघाईनं जिना उतरलो. उतरताना भीष्माचार्य आठवले. द्यूतसभेत त्यांनी काय केलं? काहीच केलं नाही. तेच तर त्यांच्यावरचं किटाळ! वस्त्राला हात घालणाऱ्या दुःशासनाला आपण दुष्ट म्हणून मोकळे होतो, पण हात न हलवणाऱ्या भीष्मांबद्दल मात्र इतकी शतकं वाद चालू आहे.

आता कुणी म्हणेल, एवढं जर कळत होतं तर मुकाट्यानं आवृत्ती बदलायची. पण हात लावणाऱ्यांची कीर्तीही काही फार उज्ज्वल नाही. १९९० सालच्या १५ जानेवारीची गोष्ट. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीच्या दूरच्या फोनांची अदलाबदल करणारे ११४ मोठे स्विच होते. महिनाभर आधी, म्हणजे डिसेंबर १९८९ मध्ये, त्यांना नवं सॉफ्टवेअर घातलं होतं. कशासाठी? कामाचा झपाटा वाढावा म्हणून! त्या दुपारी न्यूयॉर्कच्या स्विचला जरा बरं वाटेना. तो चारसहा सेकंद स्वस्थ बसला आणि पुन्हा उठून शेजाऱ्यांना म्हणाला, "मी आलो हं." शेजारी ही वार्ता वहीत टिपतात न टिपतात तोच त्यानं दुसरा निरोप पाठवला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक आज्ञा चुकीच्या जागी पडली होती. त्यामुळे दुसऱ्या निरोपासरशी शेजाऱ्यालाच घेरी आली. तो चारसहा सेकंद बसला, उठला, म्हणाला, "मी आलो हं," आणि त्याच्या शेजाऱ्याला घेरी आली. एकाला जांभई आली की साऱ्या पंगतीला येते तसं हे ११४ जणांमध्ये सुमारे नऊ तास चाललं होतं. आमचे मामा त्या दिवशी अमेरिकेत असते तर आईनं डबी घेऊन तिकडे धाव घेतली असती. आणि हे फार जुनं झालं म्हणावं तर १९ जुलै २०२४ आहेच. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष सुधारणेनं जगातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर आडवे केले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. संरक्षणासाठी ठेवलेल्या पहारेकऱ्यानंच मालकाच्या डोक्यात काठी घातल्यासारखं झालं.

उलट बाजूही तितकीच भारी आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं इंग्लंडातली सरकारी इस्पितळं गाठली. रुग्णांच्या रद्द झालेल्या भेटींचा अंदाज १९,००० च्या वर गेला. त्या खोटीवरचा उपाय मार्चमध्येच, दोन महिने आधी निघाला होता. पुष्कळांनी तो लावला नव्हता, एवढंच. पुढल्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, जगभरचे हजारो स्विच एका रात्रीत पुसले गेले. एकट्या इराणात त्यांची संख्या ३,५०० सांगितली गेली. सिस्कोच्या स्विचमध्ये 'स्मार्ट इन्स्टॉल' नावाची एक सोय होती. स्विचला हात न लावता दुरून त्याची मांडणी करता यावी म्हणून ती केलेली. ती तशीच उघडी राहिली होती. तेव्हा दुसऱ्याच कुणी दुरून मांडणी केली आणि शिवाय स्विचमध्ये अमेरिकेचा झेंडा काढून ठेवला. कंपनीनं आधी बजावलं होतंच. ती पत्रंही माझ्यासारख्याच कुणाच्या 'महत्त्वाचे' फायलीत नीट लावलेली असतील याबद्दल मला शंका नाही.

म्हणजे हात लावावा तर १९९०, न लावावा तर २०१७. इतिहासाकडे उत्तर मागावं तर इतिहास दोन्ही गालांवर एकेक लगावतो. आणि ज्यांनी वेळेवर आवृत्ती बदलली आणि काहीच झालं नाही, त्यांची नावं कुठंच सापडत नाहीत. न घडलेल्या घटनेला साल नसतं.

शेवटी मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "करायला पाहिजेच," ते म्हणाले. मला धीर आला. "पण रिस्क आहे." माझा धीर गेला. "तुम्हीच ठरवा," ते म्हणाले. मग मी फॉर्म भरला. त्यात 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. फॉर्म माझ्याकडून साहेबांकडे, त्यांच्याकडून हिशेबखात्यात, तिथून प्रशासनात असा आठ दिवस फिरून परत आला. प्रत्येकानं 'पाहिले' असं लिहून सही केली होती. 'जबाबदार व्यक्ती' हा रकाना सर्वांनी एकमतानं कोरा ठेवला होता.

शनिवारची रात्र, एक ते तीन, अशी वेळ ठरली. प्रत्येक वॉर्डात आधी सांगून येणं भाग होतं, म्हणून रात्री दहाला मी आयसीयूत गेलो. तिथल्या इन्चार्ज सिस्टर तीस वर्षं नोकरी झालेल्या. त्यांच्यासमोर मोठमोठे सर्जनही आवाज खाली आणून बोलतात.

"सिस्टर, रात्री एकनंतर दहा-पंधरा मिनिटं नेटवर्क बंद राहील. खाटेजवळचे मॉनिटर चालूच राहतील. इथं टेबलावरच्या पडद्यावर मात्र काही दिसणार नाही."

"मग प्रत्येक खाटेजवळ एकेक माणूस उभा करते," त्या म्हणाल्या. "दहा-पंधरा मिनिटंच ना सर? का तुमची दहा-पंधरा?"

"नाही नाही... म्हणजे, बहुधा." मग कोण जाणे का, मी मनातलं बोलून गेलो. "खरं सांगू का सिस्टर, सध्या तो उत्तम चाललाय. उगाच हात लावावा की नाही, हेच कळत नाहीये."

सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "एक मिनिट हं," म्हणाल्या आणि दुसऱ्या सिस्टरला हाक मारून चार नंबरच्या खाटेकडे गेल्या. तिथं एक आजोबा अर्धांगानं निपचित पडून होते. दोघींनी मिळून त्यांना अलगद डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, पायांच्या मध्ये दुसरी लावली, तक्त्यावर वेळ लिहिली. आजोबांना पत्ताही नव्हता.

"दर दोन तासांनी," परत येऊन त्या म्हणाल्या. "चांगले झोपलेत, कशाला हलवता, असं नातेवाईक म्हणतात. नाही हलवलं तर पाठीला जखमा होतात. आणि झाल्या की सगळे म्हणतात, अरेरे, बेडसोअर झाले. तीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही, की सिस्टर, याला ते झाले कसे नाहीत? ते होत नसतात सर. होऊ दिलेले असतात."

मी काही बोललो नाही. पडला आणि पाडला यांच्यामध्ये आणखी एक क्रियापद आहे, हे माझ्या व्याकरणात आलंच नव्हतं. पडू दिला.

जिना उतरताना मला स्वतःचीच जरा लाज वाटली. सात महिने मी काळजी करत होतो हे खरं. पण कुणाची? चार नंबरचे आजोबा त्या काळजीत कुठंच नव्हते. मला भीती स्विचची नव्हती, त्या कान्याची होती. बाई हलवायला घाबरत असतील तर ते आजोबांना दुखेल म्हणून. मी घाबरत होतो ते नाव येईल म्हणून. दोन्ही भित्यांत हात सारखेच थरथरतात, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही.

एक वाजता मी तळघरात. सोबतीला रात्रपाळीचा वॉचमन. निळी केबल स्विचला लावली आणि लॅपटॉप उघडला. पहिलं काम, कच्ची वही आणि पक्की वही ताडून पाहणं. स्विचकडे अशा दोन वह्या असतात. आत्ता चालू असलेल्या व्यवस्थेची कच्ची वही. ती वीज गेली की पुसली जाते. आणि पक्की वही, जी वाचून तो पुन्हा उठल्यावर कामाला लागतो. कच्च्या वहीतलं पक्क्या वहीत उतरवायला एक आज्ञा पुरते. दोन्ही शेजारी मांडल्या आणि मी खुर्चीत ताठ झालो. चाळीसेक ओळी फक्त कच्च्या वहीत होत्या. माझ्या आधीच्या गृहस्थांनी वेळोवेळी बदल केले होते आणि उतरवून ठेवायचे राहिले होते. आयसीयूच्या पडद्याकडे जाणारी सहा पोर्टं त्यांतलीच.

म्हणजे पाच वर्षं, दोन महिने जो अखंड नंदादीप मी पाहुण्यांना दाखवत होतो तो कच्च्या वहीवर तेवत होता. एखाद्या रात्री बॅटरी दमली असती आणि स्विच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला असता, तर आयसीयूची वाटच विसरून उठला असता. आणि कुणाला काही सापडलं नसतं, कारण कुणी हात लावलेलाच नव्हता! मी वही उतरवली. तिची एक प्रत लॅपटॉपवर घेतली, एक पेनड्राइव्हवर, आणि तरी धीर होईना म्हणून आयसीयूच्या सहा ओळी कागदावर पेन्सिलीनं लिहिल्या.

मग नवं सॉफ्टवेअर स्विचमध्ये उतरवलं. जुनं पुसलं नाही. परतीची गाडी उभी पाहिजे. नवं उतरलं ते अस्सल आहे का, वाटेत एखादं अक्षर सांडलं तर नाही, हे पाहायला कंपनी बत्तीस अक्षरांची एक खूण देते. ती स्विच स्वतः ताडून पाहू शकतो. पण मामांचा भाचा असल्यामुळे मी कंपनीचा कागद वॉचमनच्या हातात दिला. तो वाचू लागला, "सात. ए. चार. एफ..." आणि मी पडद्यावर बोट ठेवून "हो... हो... हो..." म्हणू लागलो. बत्तीसच्या बत्तीस जुळली. वॉचमन म्हणाला, "साहेब, पत्रिका जुळली. बार उडवा."

मी नवी आज्ञा टाइप केली. स्विचनं विचारलं, खरंच बंद होऊ का? यंत्रंसुद्धा जबाबदार व्यक्तीचा रकाना भरून घेतल्याशिवाय हलत नाहीत. मी कळ दाबली.

हिरवे दिवे एकदम विझले. मग आतले पंखे पूर्ण ताकदीनं घोंगावू लागले. स्विच उठताना तसंच करतात, हे मला माहीत होतं. तरी पोटात गोळा आला. पडद्यावर ओळी सरकत होत्या, थांबत होत्या. एका ओळीवर तो इतका वेळ थांबला, की मला ते तीन स्क्रू समोर दिसू लागले. वॉचमननं तंबाखू मळणं थांबवलं. वर प्रत्येक खाटेजवळ एकेक सिस्टर उभी असेल, हे आठवलं आणि मनगटावरचा सेकंदकाटा फारच आळशी वाटू लागला. आठ मिनिटांनी पंखे हळू झाले. नारिंगी दिवा लागला. मग हिरवा. मी आयसीयूच्या सर्व्हरला पाच हाका मारल्या. आमच्या स्विचमध्ये उत्तर आलं नाही की टिंब उमटतं, आलं की उद्गारचिन्ह. पहिलं टिंब आलं. ते बहुतेक वेळा येतंच, पोस्टमनला दार शोधायला एक खेप लागते. मग चार उद्गारचिन्हं ओळीनं उभी राहिली. आयुष्यात इतकं समर्पक विरामचिन्ह मी दुसरं पाहिलेलं नाही.

आयसीयूत फोन केला. "सिस्टर, दिसतंय का?"

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "ठेवा आता. चार नंबरला वळवायचंय."

सोमवारी सगळं हॉस्पिटल नेहमीसारखं चाललं होतं. म्हणजे माझ्या कामाची कुणाला बातमीही नव्हती. नव्हती म्हणायचं, पण कशी कोण जाणे, ती अकरापर्यंत पसरली. हिशेबखात्याचा प्रिंटर कागद ओढेना. "शनिवारी तुम्ही काहीतरी केलंत ना?" कॅन्टीनचं बिलाचं यंत्र अडलं. "शनिवारपासून असं होतंय." दुपारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, तेव्हा आत अडकलेले गृहस्थ बाहेर आल्या आल्या माझी चौकशी करत होते म्हणे. महिनाभर हॉस्पिटलातली प्रत्येक वस्तू मीच पाडली. एकदा हात लावल्यावर काना आपल्या नावाला कायमचा चिकटतो. त्यावर इलाज नाही.

तो अखंड आकडा अर्थातच शून्यावर आला. आता पाहुण्यांना दाखवायला माझ्याकडे काही नाही. पण दर तीन महिन्यांनी कॅलेंडरावर मी एक शनिवार लाल शाईनं लिहून ठेवतो. त्या रात्री दोन्ही वह्या ताडायच्या, 'महत्त्वाचे' फाइल उघडायची, आणि हात लावायचा की नाही ते तेव्हा ठरवायचं. कधी लावायचा नाही, असंही ठरतं. पण ते आता ठरतं. नुसतं राहून जात नाही.

रविवारी पहाटे घरी आलो तेव्हा हे सगळं बायकोला सांगितलं. तिनं चहा ठेवत ऐकलं. मग म्हणाली, "अहो, पण तुमच्याकडचं ते माजघरातलं घड्याळ... आजेसासऱ्यांचं... ते चावीचं होतं ना?"

"हो. का?"

"मग त्याला चावी कोण द्यायचं?"

मी कप हातात धरून बसून राहिलो. रविवारी सकाळी, आम्ही सगळे अंथरुणात असताना, स्टुलाचे पाय फरशीवर सरकल्याचा एक आवाज यायचा. मग बारीक कर्र-कर्र. मग अण्णा स्टूल जागेवर ठेवून अंघोळीला जायचे. तीस वर्षं. दर दिवाळीच्या आधी एक दिवस घड्याळ भिंतीवर नसायचं आणि अण्णांच्या सदऱ्याच्या बाहीला तेलाचा वास यायचा, हेही तेव्हाच आठवलं. आणि आम्ही मामांना खुशाल सांगत होतो, की कुणी हात लावत नाही म्हणून चालतंय! अण्णा तिथंच झोपाळ्यावर बसलेले असायचे. एक अक्षर बोलले नाहीत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

"दूध!" मी ओरडलो. "उतू गेलं!"

"जाऊ दिलंत," आतून आवाज आला.